सावलीवरून उंची

पौर्णिमेचा चंद्र देखणा खरा, पण नकाशा काढणाऱ्याला तो फारसे काही सांगत नाही. सूर्य समोरून तळपत असल्याने सावल्या नाहीशा होतात, डोंगर आणि विवरे सपाट भासतात. सांगतो तो अर्धा चंद्र, उजेड-अंधाराच्या सीमेवर.

याच सीमेपलीकडे, काळोखात चमकणारे ठिपके गॅलिलिओने टिपले. तळाशी रात्र असतानाच ऊन लागलेली ती शिखरे होती. ठिपका सीमेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या हिश्शाइतका दूर दिसला. मग काटकोन त्रिकोण मांडून त्याने उंची काढली, ४ मैलांहून अधिक. १६१० साली हे हिशेब छापून आले. दुर्बिणीइतकीच शाळेतली भूमिती इथे कामी आली, याचे मला फार अप्रूप वाटते.

माणसाला चंद्रावर उतरवणाऱ्या अपोलो मोहिमांची तयारी सुरू झाली तेव्हाही आधार सावलीचाच होता. अमेरिकेत फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत पॅट्रिशिया ब्रिजेस छायाचित्रे समोर ठेवून एअरब्रशने चंद्राचे नकाशे रंगवत. हवेच्या थरथरीने छायाचित्रे पुसट येत. हवा क्षणभर स्थिरावली की दुर्बिणीला लावलेल्या डोळ्याला जास्त बारकावे दिसत. तेच ब्रिजेस कागदावर उतरवत. या नकाशांचे श्रेय यंत्रांइतकेच या हाताला द्यायला हवे.

ऑगस्ट १९६६ ते ऑगस्ट १९६७ या वर्षभरात चंद्राभोवती फिरून छायाचित्रे घेणारी पाच लुनार ऑर्बिटर याने निघाली. फिल्म यानातच धुतली जाई, प्रकाशाच्या बारीक ठिपक्याने पट्टी-पट्टीने वाचली जाई आणि रेडिओवरून पृथ्वीवर येई. इथे त्या पट्ट्या जोडून चित्र तयार होई. सांधे आजही दिसतात. पाचही मोहिमा मिळून चंद्राचा ९९ टक्के पृष्ठभाग टिपला गेला. अपोलोच्या उतरायच्या जागा निवडताना उन्हाकडे वळलेला उतार उजळ आणि पलीकडचा मंद दिसतो, यावरून उतारांचे अंदाज बांधले गेले.

सावलीवरचे अवलंबित्व कमी केले ते एकच जागा वेगवेगळ्या कोनांतून पाहण्याच्या युक्तीने. २००८ साली निघालेल्या भारताच्या चांद्रयान-१ च्या कॅमेऱ्याने तोच भूभाग पुढून, वरून आणि मागून टिपला, ५ मीटरपर्यंतच्या बारकाव्याने. तीन चित्रांत एखादे शिखर किती सरकले, त्यावरून त्याची उंची निघते.

ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी मात्र ऊन कधी पोहोचतच नाही. तिथे २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानातला लेसर सेकंदाला २८ वेळा झोत सोडतो आणि तो परतायला लागलेल्या वेळेवरून खोली मोजतो.