जावा-जावा, हेवादावा

परवा शुक्रवारी संध्याकाळी, बस पकडायच्या गडबडीत असताना, टीममधल्या एका नव्या पोरीने विचारलं, "सर, मायक्रोसॉफ्टशी भांडणात जावा जिंकली की हरली?" तिला पुढे काय शिकायचं ते ठरवायचं होतं. "सोमवारी सांगतो" म्हणून मी सटकलो खरा, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. तेव्हा हा वीकेंड त्यासाठी.

गंमत म्हणजे जावा जन्मली तेव्हा तिचा विंडोजशी काही संबंध नव्हता. १९९१ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग आणि मंडळी टीव्ही वगैरे घरगुती यंत्रांसाठी खटपट करत होती. यंत्रं नाना प्रकारची, आतल्या चिप्स वेगवेगळ्या. म्हणून त्यांनी युक्ती काढली. प्रोग्रॅम खऱ्या यंत्रासाठी कंपाइल न करता एका काल्पनिक यंत्रासाठी करायचा, आणि प्रत्येक खऱ्या यंत्रावर एक दुभाषी बसवायचा. त्या बाजारात डाळ शिजली नाही. पण २३ मे १९९५ ला सनने जावा जाहीर केली, नेटस्केपने ती आपल्या ब्राउझरमध्ये घ्यायचं कबूल केलं आणि घोषणा दुमदुमली: एकदा लिहा, कुठेही चालवा!

आता यात मायक्रोसॉफ्टने घाबरावं असं काय होतं? तर विंडोजची ताकद विंडोजमध्ये कमी आणि तिच्यावर चालणाऱ्या हजारो प्रोग्रॅम्समध्ये जास्त होती. गिऱ्हाईक विंडोज घ्यायचं कारण प्रोग्रॅम तिथे, आणि प्रोग्रॅमर विंडोजसाठी लिहायचे कारण गिऱ्हाईक तिथे. तळं राखील तो पाणी चाखील! जावा मात्र म्हणत होती, तळं कुठलंही चालेल. अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. त्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ च्या निष्कर्षांत नेटस्केप आणि जावा यांच्यापासून विंडोजला असलेला धोका नेमका हाच असल्याचं नोंदवलं.

मायक्रोसॉफ्टने जावाला दारातून हाकललं नाही. उलट १९९६ मध्ये रीतसर परवाना घेतला आणि स्वतःची जावा आणली. तिच्यातून काही प्रमाण भाग गाळले आणि विंडोजपुरत्या सोयी घातल्या. त्या सोयींच्या मोहात पडलात की तुमचा प्रोग्रॅम विंडोजच्या उंबऱ्याबाहेर पडणार नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये सन कोर्टात गेली. जावा-जावांत हेवादावा असतो म्हणतात, इथे तर खराच दावा! २००१ मध्ये २ कोटी डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने तो मिटवला, आणि २००४ मध्ये बाकीची भांडणं मिटवायला १९५ कोटी मोजले. तोवर तिची स्वतःची सी शार्प बाजारात आलीही होती.

पण सगळं खापर मायक्रोसॉफ्टवर फोडणं बरं नव्हे. कोरलने आपलं ऑफिस जावात लिहायचा प्रयत्न केला आणि १९९७ मध्ये सोडून दिला. माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टची जावातली खिडकी उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. सगळ्या यंत्रांवर चालायचं म्हणजे कुठल्याच यंत्राचं लाडकं नसायचं.

मग जावा जगली कुठे? सर्व्हरवर. तिथे खिडकी दिसते कशी याला महत्त्व नव्हतं, आणि बँकांच्या मशीनरूममध्ये सोलॅरिस, एआयएक्स, लिनक्स, विंडोज असा सगळा गोतावळा होता. पुढे २००८ मध्ये अँड्रॉइडचे फोन आले, त्यांची अ‍ॅप्सही याच भाषेत. डेस्कटॉपचं तळं ज्याचं त्याच्याकडेच राहिलं, गावकरी मात्र दुसऱ्या तळ्यांवर जाऊ लागले.

हुरळून जाऊ नका हं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि त्याच वर्षी अँड्रॉइडवरून गूगलला कोर्टात खेचलं. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गूगलच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे तळ्याच्या राखणदारापासून सोडवणाऱ्या भाषेलाच राखणदार मिळाला होता! सनने २००६ पासून जावाचा कोड जीपीएलखाली खुला करायला घेतला, म्हणून आज कुणीही तिची आवृत्ती काढू शकतं. २०२१ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने ओपनजेडीकेची आपली आवृत्ती काढली. जावा-जावा अखेर एका चुलीवर!

माझाही एक किस्सा. पहिल्या नोकरीत मी विंडोजवर लिहिलेला रिपोर्टचा प्रोग्रॅम रात्री युनिक्सवर चढवला आणि तो धाडकन पडला. मी फाइलचा पत्ता 'सी' ड्राइव्हसकट कोडमध्ये लिहून ठेवला होता. भाषा पोर्टेबल होती, मी नव्हतो.

तर सोमवारी तिला एवढंच सांगणार आहे. भाषा कंपनीला पाडत नाही. ती फक्त बाहेर पडायची वाट उघडी ठेवते. कुठलीही भाषा शीक, पण ती वाट कुणाच्या मालकीची आहे ते आधी बघ. आणि तुझ्या कोडमध्ये कुठे 'सी' ड्राइव्ह लपलाय का, तेही.

असो. चहा गार झाला.