उपनगरांतील स्वस्ताई

मुंबईचा संसार महाग आणि साष्टीचा स्वस्त, ही समजूत फार जुनी आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. पुढे १८९६ च्या प्लेगने शहरातील कोंदट चाळींविषयी धास्ती उत्पन्न केली, आणि नोकरदार गृहस्थाची दृष्टी अंधेरी-घाटकोपरकडे वळू लागली. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली व हा ओघ वाढला.

तथापि भाड्यात वाचलेला पैसा सारा शिल्लक पडत नसे. रेल्वेचा पास काढावा लागे. वेळ प्रवासात जाई. पाण्याचा प्रकार तर विलक्षणच होता. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी १८७९ साली साष्टीतच बांधून झाले, ते मुंबई शहराची तहान भागविण्यासाठी! भोवतालच्या गावांची भिस्त मात्र दीर्घकाळ बहुतांशी विहिरींवरच राहिली.

१९५० साली अंधेरी व घाटकोपर, १९५७ साली बोरिवली व मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आले. नळ, रस्ते, दिवे वाढले; तशी जागाही महागली. उपनगरांची स्वस्ताई ही बहुतांशी गैरसोयीची भरपाई होती. गैरसोय ओसरली, तसतशी तीही ओसरली.