काल्यानंतरची वारी

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला, लाह्या-दह्याचा घास एकमेकांच्या मुखी घातला, की दिंडी पांगते. जाताना १८-२० दिवस पायी. येताना एसटीनं एका दिवसात घर. मग खुरपणी, बांधाची कुरकुर. वारीत 'माउली' म्हणून एकमेकांच्या पाया पडणारे आम्ही गावात तोंड चुकवू लागतो, हे कबूल केलं पाहिजे.

हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांना क्रम आला. आमच्या जुन्या माणसांनी तीच शिस्त गावात आणली. रोज सांजेला देवळात हरिपाठ, एकादशीला जागर, वीणेचा पहारा पाळीपाळीनं. ज्याच्याशी अबोला, त्याच्याच पाठची पाळी मुद्दाम द्यायचे. वीणा गळ्यात घेताना पाया पडावंच लागतं! कितीक भांडणं तिथंच मिटली.

२०२० साली पायी वारी थांबली, पादुका एसटीतून पंढरीला गेल्या. तेव्हा आम्ही आपापल्या उंबऱ्यात एकाच वेळी हरिपाठ धरला. गल्लीभर टाळ वाजत होते. दिंडी रस्त्यावर नव्हती, तरी मोडली नाही.

शंभर वर्षं ती टिकली, ती घरच्या या अकरा महिन्यांच्या वारीनं. पुढची पाळी तुमची. रामकृष्णहरी!