यांत्रिक गुडघा आणि डॉक्टरांचा हात

महाड तालुक्यातील वीर स्थानकावर कोकण रेल्वेतून उतरताना एखाद्याचा पाय घसरून गुडघा पिळवटला, तर पुढील उपचारांची दिशा बऱ्याच अंशी पहिल्या तपासणीवर ठरते. एक्स-रेमध्ये हाड दिसते. हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, दिसत नाहीत. एमआरआय हाताशी नसेल तेथे त्यांची इजा हातानेच ओळखावी लागते.

त्यासाठीची 'लॅकमन चाचणी' १९७६ पासून वैद्यकीय वाङ्मयात परिचित आहे. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. खेळाडूंच्या बातम्यांतून आपल्याला ठाऊक झालेला 'एसीएल' हा अस्थिबंध शाबूत असेल, तर नडगी ठामपणे अडते. तुटला असेल तर ती पुढे सरकत जाते आणि ती ठाम अडवणूक जाणवत नाही. सारी मेख या जाणिवेत आहे. ती पुस्तक वाचून येत नाही. आणि सुजलेल्या गुडघ्यावर वीस विद्यार्थ्यांनी आळीपाळीने सराव करणे हा रुग्णावर अन्यायच!

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात रॉबर्ट रीनर, रायनर बुर्गकार्ट आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक यंत्र घडविले. त्याचे सविस्तर वर्णन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. यात कृत्रिम पाय यंत्रमानवाच्या बाहूला जोडलेला असतो. विद्यार्थ्याने लावलेला जोर संवेदक मोजतो, खरा गुडघा त्या जोराने किती हलला असता याचे गणित संगणक करतो आणि यंत्रमानव पाय तितकाच हलवितो. पडद्यावर आतील हाडे व अस्थिबंध दिसतात. दुखल्याचे आवाजही ऐकू येतात. संगणकातील प्रारूप बदलले की तोच पाय कधी निरोगी, कधी जायबंदी.

भारतात २०१९ च्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक झाली. तेथील साध्या प्रतिकृतीवर पकड आणि कोन शिकता येतो. सैल पडलेल्या सांध्याच्या निरनिराळ्या छटा दाखविणे मात्र तिला कठीण. अर्थात, यंत्रालाही मर्यादा आहेत. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे बारकाईने टिपून प्राझोसिनचा उपचार रूढ केला, तो रुग्णाच्या खाटेपाशीच. खरा रुग्ण वेदनेने स्नायू आवळून धरतो. काहींचे सांधे मुळातच सैल असतात. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी निरोगी गुडघा तपासतात, मग दुखरा.