‘वेरानो’ म्हणजे कोणता ऋतु?

स्पॅनिश शिकूं लागणाऱ्यास ऋतूंचीं चार नांवें पहिल्या आठवड्यांतच पाठ होतात: प्रिमावेरा वसंत, वेरानो उन्हाळा, ओतोन्यो शरद, इन्व्हिएर्नो हिंवाळा. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र एवढ्यावर विसंबूं नये, असें आम्हांस वाटतें. १६१५ सालीं निघालेल्या ‘डॉन क्विक्झोट’च्या उत्तरार्धांत सर्व्हांटीसनें ऋतु पांच मोजले आहेत, त्यांत वेरानो निराळा आणि ‘एस्तीओ’ निराळा. (सहा ऋतु मानणाऱ्या आपणांस यांत नवल तें काय?) लॅटिन ‘व्हेर’ म्हणजे वसंतच. त्यापासून निघालेला वेरानो पूर्वीं वसंताची अखेर दाखवी. कडक उन्हाळा तो एस्तीओ. पुढें वेरानोनें एस्तीओची जागा बळकावली. तेव्हां जुन्या कागदांत एखादी स्वारी वेरानोंत निघाली असें आढळलें, तर ती मे महिन्यांतली कीं ऑगस्टांतली, हें आजच्या कोशावरून ठरत नाहीं. कागद अमेरिकेंतला असेल तर आणखीच पंचाईत. मध्य अमेरिकेंत पाऊस मेपासून लागतो. त्या पावसाळ्यालाच तेथील लोक इन्व्हिएर्नो म्हणतात, आणि कोरड्या जानेवारीस वेरानो!

युगांच्या नांवांचीहि हीच गत. ‘सिग्लो दे ओरो’ म्हणजे सुवर्णशतक. पण त्यांत सोळावें आणि सतरावें अशीं दोन शतकें ओढलीं जातात. हें एक वेळ चालेल. ‘रेकोंकिस्ता’, म्हणजे पुनर्विजय, हा शब्द मात्र आम्हांस खटकतो. ७११ पासून १४९२ पर्यंतच्या सुमारें पावणेआठशें वर्षांस हें नांव सरसकट रूढ झालें तें एकोणिसाव्या शतकांत. त्या वर्षांत लढाया झाल्या, तसे तह आणि खंडण्याहि झाल्या. ज्याची गणना या पुनर्विजयाच्या अग्रगण्य वीरांत होते, तो सिद कांहीं वर्षें सारागोसाच्या मुसलमान राजाच्या पदरीं चाकरीस होता.