आधी कळवून केलेला गुन्हा

वर्ध्याकडच्या आमच्या आजीला १९४० सालचं विचारलं की ती पारावर बोलून गेलेल्या खादीतल्या माणसाचं सांगायची. या लढाईला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, एवढंच तो बोलला. पोलीस धरायला आलेच नाहीत. मग तो तिच्या माहेरी जेवला, ओसरीवर निजला आणि उजाडताच पुढच्या गावाला निघाला. "पोलिसाले आधीच चिठ्ठी धाडे बाप्पा, मी अमक्या जागी बोलनार म्हनून!" हे सांगताना आजीचा आवाज चढायचा.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी इथल्या कोणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढलं. इंग्रजांच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही आणि युद्धाला मुकाट मानही डोलवायची नाही, म्हणून गांधीजींनी गर्दी टाळली आणि एकेकट्याला उभं केलं. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारात विनोबा पहिले बोलले. चार दिवसांनी त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा. पुढच्यांनी आधी अधिकाऱ्याला कळवायचं, मग बोलायचं. धरलं नाही तर गावोगाव बोलत दिल्लीची वाट धरायची. असे वीस हजारांवर लोक तुरुंगात गेले. शाळेच्या पुस्तकात मीठ आणि 'चले जाव' यांच्या मधोमध हे सारं दोन ओळींत उरकलेलं असतं. खुद्द युद्धालाच नकार देणाऱ्या या माणसांवर तो अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

हिटलरला असं थांबवता आलं असतं का? मला नाही वाटत. पण ज्यांची मुलं जाणार त्यांना विचारायचंच नाही, हे त्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही.

आजीच्या शेजारणीचा मुलगा पलटणीत होता. भाषण ऐकून ती तरातरा ओसरीवर आली. "माहा पोरगा पाप करून राह्यला का?" त्या माणसानं तिला बसवून घेतलं. नाही म्हणाला. मग कंदील जवळ ओढून तिचं पत्र लिहून दिलं: बैल विकला, बहिणीचं जमलं, तब्येतीला जप. लढाईबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. दोन गावं पुढे त्याला धरलं. सुटल्यावर तो पुन्हा त्याच वाटेनं आला, तेव्हा शेजारणीनं मुलाचं उत्तर त्याच्याकडूनच वाचून घेतलं, आणि लगेच दुसरं लिहायला बसवलं.