शिंक्यावरचं मडकं आणि गोठ्यातली दगडी

नाक उघडं ठेवा, डोळे जरा वेळानं उघडा. आधी शेणीचा धूर येईल, मग तापलेल्या दुधाचा वास, मग ओल्या कडब्याचा. आता बघा. तुम्ही तासगावातच आहात, पण द्राक्षबागा नाहीत, बेदाण्याचे सौदे नाहीत, विजेची तारही नाही. शंभराहून जास्त वर्षं मागं आलाय. भादव्यातली चतुर्थी आहे आणि उद्या गणपतीचा रथ. घराघरांत पाहुण्यांची दाटी झालीय, त्यामुळं तुम्ही कोणाचे, हे कुणी विचारत नाही.

"या पावणं, पाय धुवा," म्हातारी म्हणते. पितळी तांब्यातलं गार पाणी पायावर पडतं, अंगावर शहारा येतो. दार बुटकं आहे, डोकं सांभाळा. पायाखाली आजच सारवलेली जमीन, ओलसर आणि थंड.

पण आधी गोठ्यात चला, तिथं कसलीतरी गडबड आहे. म्हैस धारेला उभी राहत नाही, लाथ झाडते. चिलटं तुमच्या डोळ्यांत शिरतात, मुताचा उग्र दर्प घशाला लागतो. म्हातारी तुमचा हात धरून कासेवर ठेवते. एका बाजूला कास टणक झालीय आणि तव्याजवळ हात न्यावा तशी आंच येतेय. सडातून पाण्यासारखं दूध येतं, त्यात गुठळ्या आणि रक्ताची एक रेघ.

"दगडी झालीया. नजर लागली कुणाची तरी."

तुम्हाला मात्र या नजरेचं नाव ठाऊक आहे. दगडी करणाऱ्या जिवाणूंत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा मोठा गुन्हेगार. ओसरीवर मान वाकडी करून बसलेल्या पोराच्या मानेवर गळू आलंय, तेही बहुधा त्याचंच काम. पोटीस बांधलंय, पोरगं कण्हतंय. नाव ठाऊक असून तुम्ही काय करणार? या घरात पेनिसिलिन नाही, तालुक्यात नाही, जगात कुठंच नाही.

आता स्वयंपाकघरात या. दुसऱ्या, धडधाकट म्हशीचं दूध चुलीवर तापून निवतंय. सून त्यात करंगळी बुडवून बघते, सोसवेल इतकं कोमट झालं की मडक्याला आतून कालच्या दह्याचा हात फिरवते, दूध ओतते, फडकं बांधते आणि मडकं चुलीवरच्या उबेत शिंक्यावर चढवते. बोलता बोलता, न बघता. तुम्ही मात्र बघा, कारण तुम्हाला आत उतरायचंय. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे व्हा आणि मारा उडी.

ऊब. सगळीकडून रेटारेटी. गोल गोल देह जोडीजोडीनं, माळांनी तरंगतायत, मधाएवढं दाट सगळं. हे लॅक्टोकोकस लॅक्टिस. दुधातली साखर खाऊन आंबट पाणी सोडतायत, तुमच्या अंगाला चुणचुणतंय. दर तासाला गर्दी वाढते. त्यांच्यातल्या काही वाणांना आणखी एक विद्या येते: अवघ्या ३४ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी विणायची, तिला वेढे घालायचे आणि बाहेर सोडायची. हिचं नाव निसिन. समजा, या मडक्यात असा वाण आहे.

तेवढ्यात एक स्टॅफिलोकोकस येऊन पडतो. सुनेच्या हातावरून आला असेल. त्याला वाढायचंय, म्हणजे कवच बांधायला हवं. कवचाचा माल जो रेणू बाहेर आणून देतो, नेमका त्यालाच निसिन चिकटतं. बांधकाम थांबतं. मग आठ निसिन आणि चार माल-वाहू रेणू मिळून आवरणाला आरपार भोक पाडतात. तुमच्या डोळ्यांदेखत तो आतून रिता होतो. निसिन करणाऱ्याला काही होत नाही, स्वतःपासून वाचायची वेगळी प्रथिनं त्यानं आधीच बनवून ठेवलेली असतात.

हे सगळं गोठ्यापासून चार पावलांवर चाललंय, आणि मला इथंच चुटपुट लागते. तुम्हालाही वाटेल, दही उचलावं आणि कासेला चोपडावं. नको. मडक्यातलं निसिन असलंच तर चिमूटभरही नाही, आणि दुखणं सडाच्या आत खोल आहे. गळू झालेल्या पोराला दही खाऊ घालूनही भागत नाही, पोटातले पाचकरस त्या साखळीचे तुकडे करतात. म्हणून तर ती खाण्यात निर्धोक आहे! १९२८ मध्ये दुधातल्या या मारक गुणाची पहिली नोंद झाली, १९४७ मध्ये त्याला निसिन हे नाव मिळालं. चीजच्या पाकिटावर बारीक अक्षरांत २३४ हा आकडा दिसला तर तो याचाच. अमेरिकेत धारेआधी सडं पुसायच्या ओल्या फडक्यांतही ते वापरलं गेलं. शिंक्यापासून सडापर्यंत यायला मधे एवढा काळ जावा लागला. नेहमीच्या औषधांना न जुमानणारे स्टॅफिलोकोकस आज दवाखान्यांत आहेत, त्यांच्यासाठी याच्या सुधारलेल्या साखळ्या प्रयोगशाळांत तपासल्या जातायत.

पण तुम्हाला आज रात्री म्हातारीला काहीतरी द्यायचंय. मडक्यातून बाहेर या, अंग पुसा आणि एवढंच सांगा: "आजी, दुखऱ्या म्हशीची धार सगळ्यात शेवटी काढा. त्याआधी हात कढत पाण्यानं धुवा, सडंही धुवा. त्या हातानं दुसरीला शिवू नका."

म्हातारी तुमच्याकडं बारीक डोळ्यांनी बघते. "आन् नजर?"

"नजर काढाच की. पण हात धुऊन."

ती हसते, सुनेला हाक मारते, चुलीवर पाण्याचं भगुलं चढतं. सकाळी तुम्ही उठता तेव्हा दही लागलेलं असतं, आणि दूरवरून "मोरया"चा गजर येतो. पोरगं मान वाकडी ठेवूनच रथाला निघालंय. चला, त्याच्या मानेला गर्दीचा धक्का लागू नये म्हणून त्या बाजूनं तुम्ही चाला.